न्हाणाचे वय

"बाई, यंदा स्मरणिकेसाठी काही तरी इतिहासाचे लिहा," असे आपल्या कार्यवाहताईंनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात एखादा किल्ला, एखादी लढाई किंवा फार तर एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र असावे. मी विषय सांगितला तशा त्या क्षणभर थांबल्या आणि मग हसून म्हणाल्या, "लिहा, पण हळदीकुंकवाला येणाऱ्या आजीबाईंनाही संकोच न वाटता वाचता येईल असे लिहा." ती अट मला मान्य आहे. विषय आहे मुलीला न्हाण येण्याच्या वयाचा, आणि त्याच्याच जोडीने बाईची पाळी जाण्याच्या वयाचा.

चौतीस वर्षे मी शाळेत इतिहास शिकवला. शिवाजीमहाराज राज्याभिषेकाच्या वेळी किती वर्षांचे होते, हे माझ्या विद्यार्थिनींना तोंडपाठ असे. परंतु ज्या एका वयावर या देशातील कोट्यवधी मुलींचे शिक्षण, लग्न, बाळंतपण आणि कित्येकदा मरणही ठरले, त्या वयाचा उल्लेख आमच्या एकाही पाठात नव्हता. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा या विषयावर थोडे वाचन केले. त्यातून जे हाती आले ते आपणांपुढे ठेवीत आहे.

आपल्या भाषेत या गोष्टीला नावे तरी किती! न्हाण आले, पदर आला, शहाणी झाली, मोठी झाली. आणि पुढे दर महिन्याला कावळा शिवला, बाहेरची झाली, बाजूला बसली. पाळी गेली म्हणजे 'विटाळ गेला', 'सुटली एकदाची' असे म्हणावयाचे. इतकी नावे असण्याचे कारण हेच, की खरे नाव कोणी घ्यावयाचे नाही. आणि ज्या गोष्टीचे नाव घ्यावयाचे नाही तिचा हिशेब तरी कोण ठेवणार? त्यामुळे आपल्या आजी-पणज्यांना न्हाण कितव्या वर्षी आले, हे सांगणारी वही आपल्या घरांतून सापडत नाही. हिशेब ठेवला तो वैद्यांनी, कायदेपंडितांनी आणि परक्या डॉक्टरांनी.

सर्वांत जुना आकडा आपल्याच वैद्यकात आहे. सुश्रुतसंहितेत स्त्रीचा ऋतू बाराव्या वर्षानंतर सुरू होतो आणि पन्नाशीला क्षीण होतो, असे म्हटले आहे. दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य सोरानस याने आरंभ साधारण चौदाव्या वर्षी आणि शेवट चाळीस ते पन्नास यांच्या दरम्यान सांगितला आहे. आजच्या डॉक्टरांना विचारले तर शेवटाचे वय तेही चाळिशीच्या उत्तरार्धात किंवा पन्नाशीच्या आगेमागेच सांगतील. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांत शेवटाचा आकडा फारसा हललेला नाही. आरंभाचा आकडा मात्र देशोदेशी आणि पिढ्यान्‌पिढ्या पुढेमागे होत राहिला आहे. तो का हलला, हाच या लेखाचा मुख्य प्रश्न.

सुश्रुताने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. सोळा वर्षांच्या आतल्या मुलीला गर्भ राहिला तर तो पोटातच नाश पावतो, किंवा जन्मला तरी फार जगत नाही, जगला तर दुबळा राहतो. म्हणजे न्हाण बाराव्या वर्षी येते हे ठाऊक असलेला हा वैद्य आई होण्याचे वय मात्र सोळाच्या पुढे ठेवतो. ऋतू येणे निराळे आणि शरीर आईपणाला तयार होणे निराळे, हा भेद इतक्या प्राचीन काळी आपल्याकडे स्पष्ट होता. पुढे आपण तो विसरलो, आणि त्या विसराची किंमत लहान मुलींनी दिली.

युरोपातल्या विद्वानांची समजूत वेगळीच होती. फ्रेंच ग्रंथकार माँतेस्क्यू याने १७४८ साली लिहिले, की उष्ण देशांतल्या मुली आठ, नऊ, दहा वर्षांच्या होताच लग्नाला योग्य होतात आणि विशीत म्हाताऱ्या होतात. ऊन लागले की फळ लवकर पिकते, तशातलाच हा न्याय! हे मत इतके रूढ झाले की पुढे शंभर वर्षे साहेब मंडळी आपल्याकडील बालविवाहाचे खापर सूर्यावर फोडीत राहिली. मँचेस्टरच्या सूतिकागृहातील शस्त्रवैद्य जॉन रॉबर्टन यांनी मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निरनिराळ्या देशांतून, आणि त्यांत हिंदुस्थानातूनही, प्रत्यक्ष वये मागवून घेतली. त्यांचा निष्कर्ष असा, की हवामानामुळे पडणारा फरक लोक समजतात तितका मुळीच नाही. मुलींची लहान वयात लग्ने होतात ती निसर्गाने नव्हे, चालीरीतीने. घराबाहेर न पडता, केवळ पत्रे लिहून आणि आकडे जुळवून, या गृहस्थाने आपल्या सूर्याला दोषमुक्त केले असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

आपल्याकडे चाल कशी होती हे वडीलधाऱ्यांना सांगावयास नको. मुलीच्या वयाला गौरी, रोहिणी, कन्या अशी नावे दिलेली होती आणि न्हाण येण्यापूर्वी कन्यादान झालेच पाहिजे असा दंडक होता. न्हाण येईपर्यंत मुलगी माहेरी किंवा सासरी 'लहान' म्हणून राही. न्हाण आले की मखर घालीत, ओटी भरीत, वाजंत्री लावीत, आणि मग ऋतुशांती व गर्भाधान. सोहळा गोड दिसे. पण त्याचा अर्थ असा होता, की मुलीच्या शरीराने एक खूण केली आणि त्या खुणेसरशी तिचे बालपण सर्वांच्या संमतीने संपले. तिला काय वाटते, तिची हाडे वाढली आहेत की नाही, हा प्रश्नच नव्हता.

या रूढीला वैद्यकाच्या बाजूने धक्का देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न १८७१ साली झाला. ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी देशातील नामांकित डॉक्टरांना पत्रे पाठवून विचारले, की आपल्या मुलींना ऋतू कितव्या वर्षी येतो आणि लग्नाचे कमीत कमी वय काय असावे? उत्तरे देणाऱ्यांत कलकत्त्याचे डॉ. महेंद्रलाल सरकार होते, तसे मुंबईचे डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर, म्हणजे आपल्या प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक, हेही होते. कोणी चौदा म्हटले, कोणी सोळा, तर कोणी त्याहूनही अधिक. परंतु पहिला ऋतू म्हणजे आई होण्याची पात्रता नव्हे, हे सूत्र त्या उत्तरांतून उमटले. १८७२ च्या विवाहाच्या कायद्यात मुलीचे वय चौदा ठरले ते याच आधारावर. तो कायदा मात्र प्रचलित धर्मांबाहेर राहून लग्न करणाऱ्यांपुरताच होता. बाकीच्या घरांतून मखर चालूच राहिले.

त्याच सुमारास महाराष्ट्रात एक मुलगी वाढत होती. आनंदीबाई जोशी यांचा जन्म १८६५ चा. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि मूल अवघे दहा दिवसांचे होऊन गेले. त्या दुःखातून डॉक्टर होण्याचा निश्चय करून त्या १८८३ साली अमेरिकेस गेल्या, १८८६ साली पदवी घेतली, आणि १८८७ च्या फेब्रुवारीत, बावीस वर्षेही पुरी न होता, क्षयाने गेल्या. त्यांचे चरित्र आपण धैर्याची कथा म्हणून वाचतो, आणि ती तशी आहेच. पण मला ती चौदा वर्षांच्या शरीराचीही कथा वाटते. रखमाबाईंनी तर लहानपणी झालेले लग्न मानण्यास कोर्टात नकार दिला, प्रसंगी तुरुंगात जाण्याची तयारी दाखविली, आणि पुढे त्याही डॉक्टर झाल्या. या दोघी वैद्यकाकडे वळल्या हा केवळ योगायोग नसावा.

मग १८९० साल उजाडले. कलकत्त्यात फूलमणी नावाची दहा-अकरा वर्षांची मुलगी तिच्या तिशी गाठलेल्या नवऱ्याच्या संगामुळे मरण पावली. तेव्हाच्या कायद्यात संमतीचे वय दहा होते. मुलीने दहा वर्षे ओलांडली होती, म्हणून नवऱ्यावर बलात्काराचा गुन्हा लागू होईना. हलक्या आरोपाखाली त्याला एक वर्षाची सक्तमजुरी झाली. देश हादरला. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात बालविवाहाविरुद्ध जाहीर व्याख्यान दिले. हिंदुस्थानात काम करणाऱ्या पन्नासहून अधिक स्त्री-डॉक्टरांनी स्वतः पाहिलेल्या मुलींची हकीगत देऊन, वय चौदा करा, असा अर्ज सरकारकडे केला.

सरकारने वय दहावरून बारा करण्याचे बिल आणले आणि पुण्यात, मुंबईत, कलकत्त्यात रणे माजली. आगरकरांचा 'सुधारक' एका बाजूस, टिळकांचा 'केसरी' दुसऱ्या बाजूस. डॉ. रामकृष्णपंत भांडारकरांनी धर्मशास्त्राचे आधार देऊन बिलाची बाजू घेतली, तर टिळकांनी त्यांना तितक्याच विद्वत्तेने उत्तर दिले. टिळकांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगावयास हवे, की मुलीचे लग्न सोळाच्या आत करू नये असे लोकांनी आपण होऊन ठरवावे, अशी सूचना त्यांनीच १८९० साली केली होती. परक्या सरकारने कायद्याने हात घालू नये हा त्यांचा आग्रह होता.

पण भगिनींनो, या सगळ्या वादाचा कणा कोणता होता ते पाहा. विरोधकांचे म्हणणे असे, की काही मुलींना बाराच्या आत न्हाण येते. न्हाणानंतर ठराविक दिवसांत गर्भाधान केले पाहिजे. कायदा आडवा आला तर धर्म बुडेल. म्हणजे मोठमोठे पंडित, वकील आणि लाटसाहेबांच्या कौन्सिलातील सभासद एका प्रश्नावर भांडत होते, तो असा, की आपल्या मुलींना न्हाण बाराच्या आधी येते की नंतर? सुधारकांनी सुश्रुताचे सोळा वर्षांचे वचन पुढे केले, डॉक्टरांनी आकडे दिले. १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला आणि बारा हे वय ठरले. ज्यांच्या न्हाणाची एवढी चर्चा झाली, त्या मुलींना मात्र कोणी विचारले नाही.

पुढची वाट संथ आहे, ती भरभर सांगते. १९२५ साली विवाहितेसाठी हे वय तेरा झाले. १९२८ साली नेमलेल्या संमतिवय समितीचे अध्यक्ष आपले मोरोपंत जोशी होते; या समितीने देशभर हिंडून डॉक्टरांच्या आणि स्त्रियांच्या साक्षी घेतल्या. १९२९ साली शारदा कायदा आला आणि मुलीच्या लग्नाचे वय चौदा झाले. तो १ एप्रिल १९३० पासून लागू होणार हे कळताच, त्यापूर्वीच उरकून घेण्यासाठी देशभर लहान मुलामुलींच्या लग्नांची एकच धांदल उडाली. १९४९ साली पंधरा, १९७८ साली अठरा. याच काळात रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून आपल्या 'समाजस्वास्थ्य' मासिकातून शरीराबद्दल स्पष्ट मराठीत लिहीत होते आणि त्यापायी खटले सोशीत होते. आज आपण या स्मरणिकेत हा विषय छापू शकतो, त्यात त्यांचाही वाटा आहे.

या शंभर वर्षांच्या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट गृहीत धरली होती. न्हाणाचे वय निसर्गाने ठरविलेले आहे, फक्त ते नेमके किती एवढेच शोधावयाचे. विसाव्या शतकातल्या संशोधनाने नेमका हाच समज मोडून काढला.

युरोपातील जुन्या सूतिकागृहांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले, की नॉर्वेसारख्या थंड देशात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास मुलींना पंधराव्या-सोळाव्या वर्षी ऋतू येत असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेच वय तेराच्या जवळ आले. देश तोच, थंडी तीच, माणसेही तीच. बदलले ते ताटातले अन्न, पिण्याचे पाणी, आणि बालपणीचे आजार. दुसऱ्या महायुद्धात युरोपात जिथे जिथे अन्नाची टंचाई पडली, तिथे मुलींचा ऋतू लांबला. शांतता झाली, पोटभर मिळू लागले, तसे वय पुन्हा खाली आले. १९७० साली अमेरिकेतील रोझ फ्रिश यांनी मांडले, की शरीराचे वजन एका ठराविक मर्यादेला पोचले की ऋतू येतो. त्यांचा नेमका आकडा पुढे वादग्रस्त ठरला, पण शरीरात पुरेशी चरबी साठली की मेंदूला तसा निरोप जातो, हे त्यांचे मूळ म्हणणे टिकले. तो निरोप पोचविणारे लेप्टिन नावाचे द्रव्य १९९४ साली सापडले.

मला सर्वांत बोलका वाटला तो स्वीडनमधला अभ्यास. भारतातून तेथे दत्तक गेलेल्या १०७ मुलींची पाहणी १९९१ साली प्रसिद्ध झाली. या मुली लहानपणी इथे अर्धपोटी राहिलेल्या, तेथे गेल्यावर भरपूर खाऊपिऊ लागलेल्या. त्यांच्यापैकी निम्म्या मुलींना ११.६ वर्षांच्या आतच न्हाण आले. तेथल्या मुलींपेक्षाही लवकर, आणि इथे राहिलेल्या मुलींपेक्षाही. आधी उपासमार आणि मग एकाएकी सुबत्ता, हा बदल शरीराने असा नोंदविला. माँतेस्क्यूला हे दाखवावयास हवे होते. आपल्या मुली बर्फाच्या देशात गेल्या आणि लवकर न्हाल्या!

घरातले उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. माझी आजी सातारा जिल्ह्यातली. तिचे लग्न अकराव्या वर्षी झाले आणि न्हाण आले पंधराव्या वर्षी. मधली चार वर्षे सासरहून दर सणाला विचारणा होई, "मुलगी न्हाली का?" आणि शेजारणी पणजीला नाही नाही ते ऐकवीत. मुलीत काही खोट तर नाही ना, म्हणून नवस बोलून झाले. आजी सांगे, घरात नऊ तोंडे; आधी पुरुष, मग मुलगे, मग म्हाताऱ्या, आणि शेवटी मुली व सुना. जोंधळ्याची अर्धी भाकर आणि तव्यातले उरलेले कोरड्यास. त्यात दर पावसाळ्यात हिवताप. खोट मुलीत नव्हती, ताटात होती. माझ्या आईला चौदाव्या वर्षी न्हाण आले, मला तेराव्या, आणि माझ्या नातीला साडेअकराव्या. एका घरातल्या या चार बायकांचे आकडे म्हणजे शास्त्र नव्हे, हे मी जाणते. पण आपापल्या घरी विचारून पाहा. बहुतेक ठिकाणी अशीच उतरण दिसेल.

यातला एक विरोधाभास मनाला लागतो. अर्धपोटी राहिल्यामुळे आजीला चार वर्षे जास्त माहेर मिळाले, आणि पहिले बाळंतपण विशीच्या जवळ आले. ज्या सुखवस्तू घरात मुलगी नीट खाई तिथे ती लवकर न्हाई, आणि रूढी अशी की ती लवकर सासरी जाई. म्हणजे मुलीला चांगले खाऊपिऊ घातल्याची शिक्षाही तिनेच भोगावी! म्हणून माझे म्हणणे असे, की दोष कधीच त्या वयाचा नव्हता. त्या वयाला आपण जे बांधून ठेवले होते, त्याचा होता.

आता आजच्या चिंतेकडे वळते. शहरांतल्या मुलींना आज सरासरी साडेबारा-तेराच्या आसपास न्हाण येते. गावाकडे आणि गरीब घरांत काहीसे उशिरा. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला न्हाण आले की आया घाबरून जातात. कोणी दुधाला बोल लावते, कोणी कोंबडीला, कोणी मोबाईलला. डॉक्टर मंडळी खात्रीने सांगतात ते इतकेच, की अंगावरची जास्तीची चरबी, खेळाचा अभाव आणि आईकडून आलेली घडण यांचा यात मोठा भाग असतो. २०२०-२१ च्या महामारीत मुले घरात कोंडली गेली, तेव्हा अनेक देशांतील डॉक्टरांकडे फार लवकर वयात येणाऱ्या मुलींची संख्या वाढल्याचे दिसले. आठ वर्षांच्या आत छाती भरू लागली, किंवा पंधरा वर्षे पुरी होऊनही न्हाण आले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. मधल्या वयात भिण्याचे कारण नाही. पहिली एक-दोन वर्षे पाळी मागेपुढे होते, तेही स्वाभाविक आहे. न्हाणानंतर उंची थोडीच वाढते. कमरेची हाडे मात्र आणखी काही वर्षे रुंदावत असतात. अकरा वर्षांची न्हालेली मुलगी ही अकरा वर्षांची मुलगीच आहे. तिला दोरीवरच्या उड्या मारू द्याव्यात.

शेवटाच्या वयाबद्दल आपण याहूनही कमी बोलतो. स्त्रीचे बीजांड हे नव्याने तयार होत नाही. आईच्या पोटात असतानाच त्याचा साठा मिळतो आणि तो जन्मभर खर्च होत जातो. साठा संपत आला की पाळी जाते. पाश्चात्त्य देशांत हे साधारण पन्नास-एक्कावन्नला घडते, आपल्याकडे सरासरी शेहेचाळीस-सत्तेचाळिशीत. हा चार-पाच वर्षांचा फरकही सूर्याचा नव्हे. अर्धपोटी बालपण, दारिद्र्य, शिक्षणाचा अभाव यांच्याशी त्याचा संबंध वारंवार आढळला आहे. धूम्रपान करणाऱ्या स्त्रियांची पाळी एक-दोन वर्षे लवकर जाते, हे तर नक्की झाले आहे. आपल्या बायका विडी ओढत नाहीत, पण मिश्री लावतात. आणि मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. पाळी लवकर जाण्यात 'सुटले एकदाची' म्हणण्यासारखे काही नाही. ऋतूबरोबर शरीराला मिळणारे एक संरक्षण जाते. हाडे ठिसूळ होऊ लागतात, हृदयाच्या विकाराचा धोका वाढतो. ती जितकी लवकर जाईल तितकी वर्षे बाईने हे अधिक सोसावयाचे.

आणि काही बायकांची पाळी जात नाही, काढून घेतली जाते. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांचे वृत्त २०१९ साली वर्तमानपत्रांत आले तेव्हा मला बरेच दिवस झोप लागली नाही. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, एक दिवस काम चुकले की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. फडात न्हाणीघर नाही, संडास नाही, पाळीच्या दिवसांतही पहाटेपासून मोळ्या उचलायच्या. पोटात दुखते म्हणून दवाखान्यात गेले की पिशवी काढून टाका, नाही तर कर्करोग होईल, अशी भीती घातली जाते. विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे दर सहांत एक. त्यांतल्या कित्येक तरुण होत्या. हे एका जिल्ह्याचेच नव्हे. देशभरच्या कुटुंब आरोग्य पाहणीत, गर्भाशय काढलेल्या स्त्रियांचे शस्त्रक्रियेच्या वेळचे मध्यक वय चौतिशीच्या आसपास निघाले आहे. बीजकोशही काढले तर पाळीचा शेवट एका दिवसात येतो. ते ठेवले तरी तो नेहमीपेक्षा लवकर येतो.

१८९१ आणि २०१९ ही दोन वर्षे मी शेजारी शेजारी ठेवून पाहते. तेव्हा पाळी आली म्हणून मुलीचे बालपण काढून घेतले गेले. आता पाळी कामाच्या आड येते म्हणून बाईचे गर्भाशय काढून घेतले जाते. दोन्ही वेळी तिच्या शरीराचा निकाल दुसऱ्याच्या सोयीने लागला.

मग आपण मंडळाने काय करावे? मोठाल्या गोष्टी मी सांगत नाही. महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या विवाहित-अविवाहित मिळून सर्व स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींची लग्ने अठराच्या आत झाली होती, असे २०१९-२१ च्या पाहणीत दिसले. आपल्या आळीत असे लग्न ठरत असेल तर आपण चार जणींनी त्या आईशी जाऊन बोलावे. राज्यातील निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे, म्हणून मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमांत रक्ततपासणीचा एक दिवस ठेवावा. घरात शेवटी जेवणारीला आधी वाढावे. दहा वर्षांच्या मुलीला न्हाणाबद्दल आईनेच, न्हाण येण्यापूर्वी सांगावे. शाळेतल्या मुलींच्या संडासाला कडी आणि पाणी आहे ना, हे आपल्यापैकी कोणी तरी जाऊन पाहावे. आणि कोणा भगिनीला पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांना, शक्यतो सरकारी रुग्णालयात, विचारल्यावाचून तिने सही करू नये. सोबत हवी असेल तर मंडळातल्या कोणालाही हाक मारावी.

आपल्या पुढच्या पिढीच्या एखाद्या बाईला हा इतिहास पुन्हा लिहावयाचा झाला, तर तिला आकडे शोधीत परक्यांच्या पुस्तकांतून हिंडावे लागू नये. म्हणून शेवटी एवढीच विनंती करते, की प्रत्येकीने घरातल्या एका वहीत आईचे, स्वतःचे आणि मुलीचे न्हाणाचे वय, आणि ज्यांची पाळी गेली त्यांनी ते वय, लिहून ठेवावे. मुलीच्या डॉक्टरांनाही त्याचा उपयोग होईल.